६ जून की ज्येष्ठ त्रयोदशी? रायगडावरची तिथी मोबाइलच्या कॅलेंडरला का कळत नाही

महाड तालुक्यात वर्षातून दोनदा अख्ख्या महाराष्ट्रातून माणसं येतात. एकदा मार्चमध्ये चवदार तळ्यावर आणि एकदा जूनमध्ये रायगडावर.

चवदार तळ्यावर कधी जायचं हे कुणाला विचारावं लागत नाही. २० मार्च. १९२७ साली १९ आणि २० मार्चला महाडमध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्यायले. तेव्हापासून तारीख ठरलेली आहे, ती हलत नाही.

रायगडाचं तसं नाही. शिवराज्याभिषेक सोहळा गडावर दोनदा होतो. एक ६ जूनला, म्हणजे तारखेनुसार. दुसरा ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, म्हणजे तिथीनुसार. ३५० व्या सोहळ्याच्या वर्षी, २०२३ मध्ये, तिथीचा कार्यक्रम २ जूनला झाला. २०२४ ला तोच दिवस २० जूनवर गेला. २०२५ ला ९ जून. २०२६ ला २७ जून.

आता समजा, पुण्यातल्या एका ग्रुपवर कुणीतरी २०२५ ला एक कॅलेंडरची फाइल फॉरवर्ड केली. टॅप केलं की मोबाइल विचारतो, कॅलेंडरमध्ये जोडायचं का? हो म्हटलं. फाइल बनवणाऱ्यानं तिथीच्या सोहळ्यापुढं ‘दरवर्षी’ असा पर्याय निवडलेला. पुढच्या वर्षी मोबाइल बरोबर ९ जूनला वाजणार, आणि गड चढून गेलेल्या माणसाला वर ना पालखी दिसणार ना ढोल. सोहळा अजून १८ दिवस लांब.

चूक मोबाइलची नाही. ती फाइल काय सांगू शकते आणि काय सांगू शकत नाही, हे बनवणाऱ्याला माहीत नव्हतं एवढंच.

ही फाइल असते तरी काय?

लग्नपत्रिकेसोबत, रेल्वे किंवा विमानाच्या तिकिटासोबत, ऑनलाइन मीटिंगच्या मेलसोबत एक छोटी फाइल येते. तिच्या नावाच्या शेवटी टिंब आणि पुढं ‘आयसीएस’ ही तीन अक्षरं असतात. ती चित्र नाही, पीडीएफ नाही, ॲपही नाही. ती साधी मजकुराची फाइल आहे. नोटपॅडमध्ये उघडली तरी वाचता येते.

पहिली ओळ असते ‘बिगिन व्हीकॅलेंडर’, शेवटची ‘एंड व्हीकॅलेंडर’. मधे प्रत्येक कार्यक्रमासाठी ‘बिगिन व्हीइव्हेंट’ ते ‘एंड व्हीइव्हेंट’ असा एक कप्पा. कप्प्यात एकेका ओळीवर एकेक गोष्ट. ‘डीटीस्टार्ट’ म्हणजे सुरुवात, ‘डीटीएंड’ म्हणजे शेवट, ‘समरी’ म्हणजे नाव, ‘लोकेशन’ म्हणजे ठिकाण, ‘यूआयडी’ म्हणजे त्या कार्यक्रमाची स्वतःची ओळख. या खुणा फाइलमध्ये रोमन मोठ्या अक्षरांत असतात, पण नाव आणि ठिकाण बिनधास्त मराठीत लिहिता येतं. तारीख सलग आठ आकड्यांत लिहायची. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. २७ जून २०२६ म्हणजे २०२६०६२७.

नव्वदच्या दशकात प्रत्येक कंपनीचं कॅलेंडर वेगळं होतं, एकाचं दुसऱ्याला कळायचं नाही. १९९८ मध्ये लोटसचे फ्रँक डॉसन आणि मायक्रोसॉफ्टचे डेरिक स्टेनरसन यांच्या नावानं एक नियमावली निघाली. म्हणजे एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दोन कंपन्यांची माणसं एकत्र बसली. २००९ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली, आरएफसी ५५४५. आज गूगल कॅलेंडर, आयफोन, आउटलुक सगळे तीच भाषा बोलतात. म्हणूनच महाडात बनवलेली फाइल मुंबईत, दुबईत, न्यू जर्सीत उघडते.

हाताने लिहिता येते, मग लायब्ररी कशाला?

फाइल साध्या मजकुराची आहे म्हटल्यावर कॉलेजच्या पोरांना वाटतं, चार ओळी लिहायच्या, त्यात काय. इंग्रजीत लिहिली तर बऱ्याचदा खपून जाते. मराठीत लिहिली की फसगत होते, आणि त्यामागचं कारण मजेशीर आहे.

नियम असा आहे की फाइलमधली एक ओळ ७५ बाइटपेक्षा लांब नसावी. लांब झाली तर तोडायची आणि पुढची ओळ एक रिकामी जागा सोडून सुरू करायची. इंग्रजी अक्षर एका बाइटचं, त्यामुळं ७५ अक्षरं आरामात बसतात. देवनागरीतली प्रत्येक खूण, म्हणजे अक्षर, काना, वेलांटी, पाय मोडायची खूण, सगळं, तीन-तीन बाइटचं. ‘शिवराज्याभिषेक’ या एकाच शब्दात अशा १४ खुणा आहेत. झाले ४२ बाइट. त्याच्या आधी ‘समरी’ आणि विसर्गाचे ८ बाइट धरले की ५० झाले. म्हणजे एका शब्दात ओळीचा दोन तृतीयांश भाग संपला. पुढं ‘सोहळा, किल्ले रायगड’ लिहिलं की ओळ तोडावीच लागते.

ती तोडताना कुणी डोळे झाकून ७५ वर कात्री चालवली, तर ती एखाद्या अक्षराच्या तीन बाइटच्या मधोमध पडू शकते. मग काही मोबाइलवर नाव नीट दिसतं आणि काहींवर मधेच चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उगवतं. बनवणाऱ्याच्या फोनवर सगळं ठीक असतं, त्यामुळं त्याला पत्ताही लागत नाही.

स्वल्पविरामाचीही अशीच गंमत. या फाइलमध्ये स्वल्पविरामाला वेगळा अर्थ आहे, त्यामुळं मजकुरातल्या स्वल्पविरामाआधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. ‘चवदार तळे, महाड, रायगड’ असं सरळ लिहिलं तर एखादं ॲप पहिल्या स्वल्पविरामालाच थांबेल.

ही सगळी कटकट लायब्ररी करते. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी आधीच लिहून, तपासून ठेवलेला कोड. आपल्या प्रोग्रॅममध्ये तो आणायचा आणि वापरायचा. पायथॉन भाषेत यासाठी ‘आयकॅलेंडर’ नावाचीच लायब्ररी आहे, फुकट आणि मुक्त. जावा वापरणाऱ्यांसाठी ‘आयकॅल४जे’ आहे, ब्राउझरमधल्या कामासाठी मोझिलाच्या लोकांनी सुरू केलेली ‘आयकॅल डॉट जेएस’.

काम करायची रीत सगळीकडं साधारण सारखी आहे. आधी एक रिकामं कॅलेंडर तयार करायचं. त्याला दोन गोष्टी द्याव्याच लागतात, आवृत्ती २.० आणि फाइल कोणत्या प्रोग्रॅमनं बनवली त्याचं नाव. मग एक इव्हेंट तयार करायचा, ‘ॲड’ म्हणत त्यात नाव, सुरुवात, शेवट, यूआयडी भरायचे. इव्हेंट कॅलेंडरला जोडायचा. शेवटी ‘टू आयकॅल’ म्हटलं की लायब्ररी सगळा मजकूर नियमाप्रमाणे ओळी तोडून, रेघा घालून हातात देते. तो फाइलमध्ये साठवला की झालं. वीसेक ओळींचा कोड होतो.

वाचायचं असेल तर उलटा प्रवास. ‘फ्रॉम आयकॅल’ला फाइलचा मजकूर द्यायचा, मग ‘वॉक’ म्हणून एकेका इव्हेंटवरून फिरायचं. फक्त एक लक्षात ठेवायचं. ही लायब्ररी ‘दरवर्षी’ हा नियम वाचून दाखवते, पण त्या नियमानं पुढच्या दहा वर्षांत कोणते दिवस येतात ते स्वतःहून मोजून देत नाही. त्यासाठी ‘रिकरिंग आयकॅल इव्हेंट्स’ नावाची वेगळी लायब्ररी जोडावी लागते. नवखा माणूस इथं हमखास अडकतो. फाइलमध्ये २० मार्चचा कार्यक्रम १९२७ पासून दरवर्षी लिहिलेला असतो आणि प्रोग्रॅम एकच दिवस दाखवतो, १९२७ चा.

लायब्ररी असूनही होणाऱ्या चुका

लायब्ररी व्याकरण सांभाळते. पण अर्थ चुकला तर ती काहीच बोलत नाही.

१९ आणि २० मार्च अशी दोन दिवसांची परिषद फाइलमध्ये घालायची आहे. सुरुवात १९, शेवट २० लिहिला. मोबाइलवर एकच दिवस दिसतो, १९. ज्या दिवसाला महत्त्व आहे तोच गायब. कारण या नियमावलीत शेवटचा दिवस मोजत नाहीत. दिवसभराचा कार्यक्रम २० ला संपत असेल तर शेवट २१ लिहायचा. ‘२१ उजाडायच्या आत संपलं’ असं समजायचं.

दुसरी चूक वेळेची, आणि ती कोकणातल्या चाकरमान्याला महागात पडते.

रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, त्याआधी ही मुदत १२० दिवस होती. ऑनलाइन बुकिंग सकाळी ८ ला सुरू होतं आणि गणपतीतल्या कोकणच्या गाड्या बघता बघता भरतात. २०२६ ला गणेश चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबरला आहे. ठाणे-डोंबिवलीतून महाडजवळच्या वीर स्थानकात उतरायचं आणि आदल्या शनिवारी, १२ सप्टेंबरला निघायचं, तर बुकिंगचा दिवस येतो १४ जुलै. गावच्या ग्रुपसाठी कुणी तरी आठवण म्हणून फाइल बनवतं, सकाळी ८ ची.

आता वेळेच्या आकड्यांपुढं चुकून इंग्रजी झेड हे अक्षर पडलं, तर त्याचा अर्थ होतो जागतिक प्रमाणवेळ. भारत तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढं. म्हणजे आठवण येणार दुपारी दीड वाजता. तोवर वेटिंगलाही रिग्रेट लागलेलं असतं.

यावर उपाय साधा आहे. वेळ देताना ‘एशिया कोलकाता’ हा वेळेचा पट्टा सोबत द्यायचा. मग इथल्या माणसाला सकाळी ८ दिसेल, आणि दुबईत असलेल्या भावाला तिथले साडेसहा. दोघंही एकाच क्षणी बुकिंगला बसतील.

उलट, दिवसभराच्या कार्यक्रमाला पट्टा द्यायचाच नाही. नुसती तारीख द्यायची. पायथॉनमध्ये ‘डेट’ दिली की लायब्ररी समजून जाते की हा अख्खा दिवस आहे. ‘डेटटाइम’ देऊन जागतिक वेळेतली मध्यरात्र लिहिली, तर रायगडाचा सोहळा आपल्याकडं पहाटे साडेपाचला सुरू झालेला दिसतो आणि न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबाला चक्क २६ जूनच्या संध्याकाळी.

गजराबद्दल मात्र फार भरवसा ठेवू नये. फाइलमध्ये ‘व्हीअलार्म’ घालून गजर लावता येतो, पण बाहेरून आलेल्या फाइलमधला गजर काही ॲप पाळतच नाहीत. म्हणून ‘६० दिवस आधी आठवण दे’ असा गजर लावण्यापेक्षा १४ जुलैलाच ‘आज बुकिंग उघडतंय’ असा वेगळा कार्यक्रम टाकलेला बरा.

आता तिथीचं काय?

फाइलमध्ये ‘आरआरूल’ नावाची ओळ असते, म्हणजे पुनरावृत्तीचा नियम. दरवर्षी, दरमहा, दर दुसऱ्या शनिवारी, काहीही सांगता येतं. पण हे सगळं ग्रेगोरियन कॅलेंडरमध्ये, म्हणजे भिंतीवरच्या जानेवारी ते डिसेंबरमध्ये. ‘ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला’ असं सांगायला तिथं शब्दच नाही.

कारण चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं. दरवर्षी सण अकरा दिवस मागं सरकतात आणि फरक महिनाभराचा झाला की अधिक महिना घालून गाडी रुळावर आणतात. २०२३ ला अधिक श्रावण आला, म्हणून २ जूनवरची त्रयोदशी पुढच्या वर्षी २० जूनला गेली. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. या अधिक महिन्यातही शुद्ध त्रयोदशी येतेच, पण सोहळा निज ज्येष्ठाच्या त्रयोदशीला, २७ जूनला. म्हणजे त्या वर्षी ‘ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी’ एवढंच सांगितलं तरी दोन दिवस समोर येतात. माणसाला कळतं कुठला घ्यायचा, प्रोग्रॅमला सांगावं लागतं.

२०१५ मध्ये या नियमावलीला एक जोड दिली गेली, आरएफसी ७५२९. तिच्यात चिनी, हिब्रू, इथिओपियन अशा कॅलेंडरनुसार पुनरावृत्ती सांगायची सोय आहे, अधिक महिन्याचीसुद्धा. पण ज्या यादीवर ती उभी आहे, त्या यादीत आपलं चांद्र पंचांग नाही.

त्या यादीत ‘इंडियन’ नावाचं कॅलेंडर आहे, आणि ते बघून हुरळून जाणारे बरेच भेटतात. ते आहे भारताचं राष्ट्रीय सौर कॅलेंडर. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं ते सुचवलं आणि २२ मार्च १९५७ पासून सरकारनं स्वीकारलं. आकाशवाणीवर बातम्यांच्या आधी ‘सौर’ म्हणून तारीख सांगतात ती हीच. त्यातही चैत्र, वैशाख, ज्येष्ठ आहेत, पण ते चंद्रावर चालत नाहीत. त्यातला ज्येष्ठ दरवर्षी २२ मेला सुरू होतो. तिसरा महिना, तेरावा दिवस असा नियम लिहिला तर उत्तर येईल ३ जून, दरवर्षी ३ जून. नाव ज्येष्ठाचं असलं तरी गडावरच्या त्रयोदशीशी त्याचा संबंध नाही.

मग चंद्र-सूर्याची गणितं करून तिथी काढावी का? काढता येते. तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढं जायला लागणारा वेळ, आणि स्विस एफेमेरिससारख्या लायब्ररी ग्रहांची जागा अचूक देतात. शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत असा प्रोग्रॅम लिहून होतो. पण खरी पंचाईत त्याच्या पुढं सुरू होते.

तिथी घड्याळातल्या बाराला बदलत नाही. ती १९ ते २६ तासांची असते आणि दिवसा-रात्री केव्हाही लागते. एरवी सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची धरतात. बहुतेक हौशी प्रोग्रॅम तेवढंच शिकून थांबतात. आता २०२६ ची गणेश चतुर्थी घ्या. भाद्रपद शुद्ध चतुर्थी लागते १४ सप्टेंबरला सकाळी सातच्या सुमारास, म्हणजे सूर्योदय होऊन गेल्यावर. संपते १५ ला सकाळी पावणेआठच्या सुमारास, म्हणजे सूर्योदयानंतर. सूर्योदयाचा नियम लावला तर चतुर्थी १५ तारखेला. प्रोग्रॅमनं गणित अगदी बरोबर केलं आणि गणपती एक दिवस उशिरा आणले.

कारण गणपतीसाठी सूर्योदय नाही, मध्यान्ह बघतात. दुपारच्या वेळी चतुर्थी ज्या दिवशी असेल तो दिवस. म्हणून १४. महाशिवरात्रीला मध्यरात्र बघतात, होळीला संध्याकाळ. प्रत्येक सणाचा नियम वेगळा, आणि त्यात प्रांताप्रमाणे मतभेद. २०२३ ला महाराष्ट्रात गणपती १९ सप्टेंबरला बसले आणि शेजारच्या कर्नाटकात १८ ला सुट्टी होती. हा निकाल लायब्ररी लावू शकत नाही. तो पंचांगकर्ते लावतात, किंवा सरकारी राष्ट्रीय पंचांग आहे, ते लावतं.

त्यामुळं कामाचा मार्ग कंटाळवाणा आहे, पण चुकत नाही. तारखेच्या दिवसासाठी नियम लिहायचा, तिथीच्या दिवसासाठी यादी. २० मार्च, ६ जून, मनुस्मृती दहनाचा २५ डिसेंबर, यांना ‘दरवर्षी’ लावायचं आणि विसरायचं. तिथीचा राज्याभिषेक, गणपती, महाशिवरात्रीच्या सुमारास भरणारा महाडच्या वीरेश्वराचा छबिना, शिमग्याच्या पालख्या, यांच्या तारखा माणसानं पंचांगात बघून साध्या तक्त्यात भरायच्या. एक रकाना नावाचा, एक तारखेचा. प्रोग्रॅमनं तो तक्ता वाचायचा आणि प्रत्येक वर्षासाठी वेगळा इव्हेंट लिहायचा. गावचा पालखीचा दिवस तर गावकीच ठरवते, तो कुठल्याच पंचांगात सापडणार नाही.

१६७४ लिहिताना सांभाळून

एक खोच अजून आहे, आणि ती ६ जूनवाल्यांसाठी.

फाइलमध्ये सुरुवातीची तारीख ६ जून १६७४ टाकायची आणि ‘दरवर्षी’ लावायचं, म्हणजे ‘कितवं वर्ष’ हेही आपोआप मोजता येईल, असा मोह होतो. पण ६ जून ही तारीख आली कुठून? राज्याभिषेकाला ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर हजर होता. इंग्रज तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर वापरत होते आणि १७५२ पर्यंत वापरत राहिले. त्या शतकात ज्युलियन आणि ग्रेगोरियनमध्ये १० दिवसांचा फरक होता. म्हणजे शके १५९६ च्या ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीचा तो दिवस आजच्या कॅलेंडरच्या हिशोबानं १६ जून १६७४ ठरतो.

पायथॉनची ‘डेट’ आणि आयसीएस फाइल दोघांनाही फक्त ग्रेगोरियन कळतं, कितीही मागं गेलं तरी. त्यांना ६ जून १६७४ म्हटलं की ते राज्याभिषेकाच्या दहा दिवस आधीचा दिवस धरतात. त्या दिवशी कोणता वार होता किंवा चंद्र कुठं होता असं विचारलं की उत्तर चुकतं.

पोलादपूर तालुक्यातल्या उमरठला, तानाजी मालुसऱ्यांच्या गावाला, हाच हिशोब लागू आहे. सिंहगडाची लढाई ४ फेब्रुवारी १६७०, माघ वद्य नवमी. यातली ४ फेब्रुवारीही ज्युलियन, ग्रेगोरियनप्रमाणे १४.

याचा अर्थ ६ जून चुकीची आहे असा नाही. दिवस साजरा करायला समाजानं एक तारीख धरली, ती रूढ झाली. पण फाइलमध्ये सुरुवात चालू वर्षापासून लिहावी, १६७४ चा उल्लेख खालच्या वर्णनाच्या ओळीत करावा. इतक्या जुन्या तारखेला बरीच ॲप तशीही अडखळतात.

फॉरवर्ड झालेली फाइल परत येत नाही

व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाइल ही प्रत असते. २०० जणांनी ती जोडली आणि नंतर कळलं की तारीख चुकली, तर नुसती मूळ फाइल सुधारून काही होत नाही.

इथं यूआयडी कामाला येते. बरेच जण प्रोग्रॅम चालवताना दर वेळी नवी यूआयडी तयार करतात, कारण उदाहरणांत तसंच दिलेलं असतं. मग सुधारलेली फाइल जोडली की जुना कार्यक्रम तसाच राहतो आणि शेजारी नवा येतो. एकाच जूनमध्ये तिथीचे दोन राज्याभिषेक, एक खोटा. त्यापेक्षा ‘राज्याभिषेक-तिथी-२०२६’ अशी कायमची ओळख द्यावी आणि सुधारणा करताना ‘सिक्वेन्स’चा आकडा एकनं वाढवावा. बहुतेक ॲप मग जुन्याच कार्यक्रमात बदल करतात. कार्यक्रम रद्द झाला तर इव्हेंट पुसून टाकायचा नाही, ‘स्टेटस’ रद्द लिहायचं. २०२० ला कोरोनामुळं गडावरचा सोहळा मोजक्याच लोकांत झाला होता, तेव्हा अशी ओळ अनेकांचा हेलपाटा वाचवू शकली असती.

याहून चांगला मार्ग म्हणजे फाइल न पाठवता तिचा पत्ता पाठवायचा. फाइल एखाद्या वेबसाइटवर ठेवायची आणि लोकांनी कॅलेंडरमध्ये त्या पत्त्याचं सदस्यत्व घ्यायचं. मग ॲप अधूनमधून स्वतःच जाऊन नवी प्रत आणतं. लगेच नाही, गूगलला कधी कधी बरेच तास लागतात, पण आणतं. फक्त पत्ता कुणाचा आहे ते बघूनच सदस्यत्व घ्यावं. आयफोनवर ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे’ अशा भीती घालणाऱ्या नोंदी दिसतात, त्या बऱ्याचदा असल्याच एखाद्या अनोळखी कॅलेंडरमधून आलेल्या असतात. ते सदस्यत्व काढून टाकलं की नोंदीही जातात.

आणि तिथीच्या यादीला शेवट असतो हे यादी करणाऱ्यानंच लक्षात ठेवायचं असतं. पाच वर्षांच्या तारखा भरल्या तर सहाव्या वर्षी कॅलेंडर गप्प बसेल आणि ते कुणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून शेवटच्या वर्षीच्या गुढीपाडव्याला एक जादा नोंद टाकायची. नाव द्यायचं, ‘पुढच्या तिथ्या भरा’.